भागल्यावर वाढतं कसं

कुवेत,
शुक्रवार, दि. ३० ऑगस्ट २०२४

ती. दादास,
रत्नमालाचा सा. न. वि. वि.

आमच्या यांच्या अल-राई भागातल्या गॅरेजमधला बाळा उद्या गणपतीसाठी गावी निघालाय. त्याच्याकडे हे पत्र आणि वहिनीसाठी खजुराचा डबा देतेय. फोनवर तुला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि वहिनीला मधे घालून गणित विचारायचं म्हणजे ती अर्ध्यावरच हसायला लागते. म्हणून कागद बरा.

हो, गणितच. हसू नकोस. मी कॉलेजात नाव घातलंय. इथे नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं दोन वर्षांचं कॉलेज आहे, कम्युनिटी कॉलेज म्हणतात तसलं. तिथला नर्सिंग असिस्टंटचा डिप्लोमा केला तर सलवा भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये माझी पुढची ग्रेड होईल. निदान सगळ्यांना मी तसंच सांगितलंय. यांनी आधी विचारलं की अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय डोक्यात आलं. मग म्हणाले, येताना गॅरेजच्या पिकअपमधून घेऊन येत जाईन.

घोळ असा झाला की प्रवेशाआधी त्यांनी एक परीक्षा घेतली, कुणाला कोणत्या पायरीवर बसवायचं ते ठरवायला. चाळीस प्रश्न होते. मला सहा गुण पडले, त्यातले दोन अंदाजपंचे. म्हणून मला अगदी तळाच्या वर्गात घातलंय, बेसिक मॅथेमॅटिक्स. त्याचे गुण डिप्लोमात धरत नाहीत, पण तो पास झाल्याशिवाय पुढे सोडतही नाहीत.

एक प्रश्न डोक्यातून जात नाही. सहाला शून्य पूर्णांक पाचने भागा. मी तीन लिहिलं. बाहेर आल्यावर पोरं म्हणाली, बारा. दादा, भागल्यावर वस्तू कमी व्हायला हवी ना? भागल्यावर वाढतं कसं? रीत सांगू नकोस, का ते सांग.

गणपतीला माझ्या वाटचा नारळ वाढव. वहिनीला नमस्कार. उत्तराची वाट बघणारी,

तुझी गोंधळलेली बहीण,
रत्ना


कुडाळ,
दि. १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. रत्नमालास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. खजूर गौरीच्या दिवशीच संपला. कॉलेजचं वाचून मी प्रेमाला पत्र दोनदा वाचायला लावलं, मला वाटलं मीच काही चुकीचं वाचतोय.

तुझ्या प्रश्नाला मी लगेच उत्तर लिहिलं होतं. भाजकातलं दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकवायचं, भाज्यातलंही तेवढंच, साठ भागिले पाच, बारा. मग तुझी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि पेन खाली ठेवलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण का ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. तासभर ओटीवर बसून राहिलो. शेवटी प्रेमाने कागद ओढून घेतला, वाचला आणि म्हणाली की यात कसलं कोडं. पातेल्यात सहा वाट्या पेज आहे आणि पंगतीला अर्धी अर्धी वाटीच वाढायची ठरवली, तर किती माणसं जेवतील? बारा. भागायचं म्हणजे कमी करायचं नाही, किती वेळा वाढता येईल ते बघायचं.

रिटायर झालेल्या गणिताच्या मास्तराला त्याच्या बायकोने शिकवलं. गावात सांगू नकोस.

एक अट घालतो. गणितं सोडवलीस की वहीची पानं जशीच्या तशी पाठव, खोडलेल्यासकट. तुझं पेन कुठे अडखळलं ते मला कागदावरच दिसेल. पुंडलिकरावांना आमचा नमस्कार सांग. त्यांनी तुला आणायला यायचं कबूल केलं यातच सगळं आलं.

तुझ्या वहीची वाट पाहत,
तुझा दादा,
तुकाराम


कुवेत,
शुक्रवार, दि. १८ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीची पेज मी वर्गात हिंदीतून सांगितली. गफूर सरांनी ती फळ्यावर लिहून घेतली. सर हैदराबादचे आहेत, आवाज कधी चढत नाही. चूक आहे असं ते म्हणतच नाहीत, फक्त विचारतात की ये कैसे आया. त्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण कसं आलं ते मलाही माहीत नसतं.

माझ्या शेजारी अलिना नावाची एकोणीस वर्षांची मुलगी बसते. इथेच जन्मलेली, आईवडील कराचीचे. तिला मोबाइलवर सगळी उत्तरं येतात, पण आलेलं उत्तर शक्य आहे की नाही ते कळत नाही. परवा तिचं उत्तर आलं की माणसाचं वजन सातशे किलो. ती ते लिहूनही टाकणार होती. मला उत्तर शक्य आहे का ते कळतं, पण प्रश्नातलं इंग्रजी कळत नाही. त्यामुळे आम्ही दोघी मिळून एक विद्यार्थी होतो. महिनाभर मी ‘पर’ या शब्दाला अडत होते. मिलिग्रॅम पर किलो पर डे. मग एकदम लक्षात आलं की हा आपला ‘दर’. दरमहा, दरडोई, दर शेकडा. अंश आणि छेदही आठवले. तू शिकवलेलं मराठीतून कुठेतरी पडून होतं, फक्त त्याच्यावर इंग्रजी पाटी लागली होती.

आता खरं लिहिते. वहिनीला हे वाचून दाखवू नकोस.

ग्रेडसाठी मी कॉलेजात गेले नाही. जुलैमध्ये क्लिनिकमध्ये एक वर्षाचं बाळ आलं होतं, ताप आणि छाती भरलेली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं, चाळीस मिलिग्रॅम. इतकी वर्षं कपाटाच्या दाराला एक तक्ता चिकटवलेला असायचा, अमुक वजनाला अमुक इतकं. मी त्यात बघून भरायची. जूनमध्ये बाटली बदलली, औषध वेगळ्या मापाचं आलं आणि तक्ता काढून टाकला. नव्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये पाचशे मिलिग्रॅम होतं. म्हणजे भरायचं होतं शून्य पूर्णांक चार. मी चार भरलं. दादा, दहापट.

फार्मसीतला नझीर डॉक्टरांचं अक्षर विचारायला आत आला होता. त्याने माझ्या हातातली सिरिंज पाहिली आणि हळूच विचारलं की बहेनजी, ये किसके लिए है. मी कॉटकडे बघितलं. त्याने सिरिंज काढून घेतली आणि नवी भरून दिली. आजपर्यंत त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. यांनासुद्धा नाही.

बाळ बरं होऊन घरी गेलं. पण मी दवामावर, म्हणजे ड्यूटीवर, गेले की हात गार पडतात. माझं डोकं सारखं एकाच जागी फिरतं. मी दहावीला गणितात पास झालेली बाई आहे. दुसऱ्या खेपेला का होईना, बोर्डाच्या परीक्षेत पास झाले. मग मला हे का येत नाही? मधे कुठे हरवलं? तू मला शिकवलंस, तुला माहीत असणार.

सोबत वहीची अकरा पानं. तुझ्याशिवाय कुणाला विचारू,

रत्ना


कुडाळ,
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रत्नमालास,
अ. आ.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. तीन उत्तरं लिहून फाडली. पानं तपासली आहेत, त्याबद्दल शेवटी लिहितो.

तू विचारलंस की मधे कुठे हरवलं. रत्ना, हरवलं नाही. ते तुझ्याकडे नव्हतंच.

ऑक्टोबर ब्याण्णवची परीक्षा आठव. मार्चमध्ये तू बावीस गुणांनी नापास झाली होतीस. आबांनी मालवणकडचं स्थळ बघून ठेवलं होतं, तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठा माणूस. पास झाली तर नर्सिंगला पाठवू, नाही तर मे महिन्यात लग्न, असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. तू सोळा वर्षांची होतीस. त्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या वर्गात होती. मी सहकाऱ्याशी बदलून तुझ्या वर्गात आलो. वेळ संपल्यावर उत्तरपत्रिका गोळा केल्या, तर तुझी शेवटची दोन पानं कोरी होती. गठ्ठा बांधायच्या आधी मी त्यावर तीन गणितं सोडवली. अक्षर तुझ्यासारखं काढणं मला अवघड नव्हतं, तुला अक्षर मीच शिकवलं होतं.

तू बरोबर पासापुरत्या गुणांनी पास झालीस. निकालाच्या दिवशी तू मला वाकून नमस्कार केलास आणि मी आशीर्वाद दिला.

बत्तीस वर्षं मी हे चांगलं काम म्हणून मनात ठेवलं. सभ्य माणसाने आयुष्यात एकदा केलेली लबाडी, तीही बहिणीसाठी. तू कुवेतला गेलीस, तुझी लेक सुखदा शिकली, तेव्हा प्रत्येक वेळी वाटलं की हे त्या दोन पानांमुळे. आता डोळ्यांसमोर ती सिरिंज येते. तीही त्याच दोन पानांमुळे का, ते मला ठरवता येत नाही. तसं केलं नसतं तर तू कुठे असतीस? आणि केलं म्हणून त्या बाळाचं काय झालं असतं? मी दोन्ही बाजूंनी मांडून बघतो आणि उत्तर येत नाही.

नोकरी करत राहिलीस तर मला भीती वाटते, पण सोड म्हणायची माझी लायकी नाही.

वहीच्या पानांत अपूर्णांकांची बेरीज सुधारली आहे. दशांशात मात्र तू चिन्ह अंदाजाने ठेवतेस, त्याकडे बघ.

रागावलीस तरी लिही.
तुझा,
तुकाराम


कुडाळ,
दि. २४ डिसेंबर २०२४

चि. सौ. रत्नास,
वहिनीचे अ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नको. दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. फोनवर तू हवापाण्याचं बोलतेस आणि ठेवतेस. मी तुझ्या दादांना विचारलं की काय झालं, तर म्हणतात, गणितात थोडा मतभेद आहे. गणितात कसला आलाय मतभेद?

हे जेवायला बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. तुझी ती अकरा पानं समोर घेऊन बसलेले असतात. मागच्या आठवड्यात शाळेत शिक्षकांचा सत्कार होता, नारळ आणि शाल घ्यायला बोलावलं होतं. ऐन वेळी पोट दुखतं म्हणाले आणि गेले नाहीत. पोट दुखत नव्हतं.

काय आहे ते मला सांगू नका हवं तर. मी काही मागे लागणारी नव्हे. पण तू चांगलं लिही नाही तर भांडणाचं लिही, कोरं ठेवू नको. कोकमं उन्हात घालून ठेवलेली आहेत ती पाठवते. पुंडलिकरावांच्या पाठीला आता कसं आहे?

तुमचं दोघांचं मिटावं म्हणून देवापाशी बसलेली,
तुझी वहिनी,
प्रेमा


कुवेत,
शुक्रवार, दि. १७ जानेवारी २०२५

दादास,
न. वि. वि.

वहिनीचं पत्र आणि कोकमं मिळाली. तिच्यामुळे लिहितेय.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. उतरायचं ठिकाण निघून गेलं आणि शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने उठवल्यासारखं विचारलं की कुठे जायचंय.

तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या परीक्षेतून बाहेर पडताना मला पक्कं आठवत होतं की शेवटची दोन पानं कोरी आहेत. घरी येऊन मी रडले होते. मग निकाल लागला आणि पास. मी स्वतःला समजावलं की माझ्या आठवणीत चूक आहे, मी लिहिलं असणार. तेव्हापासून दादा, मला माझाच भरवसा राहिला नाही. हे चुकलंय असं आतून वाटलं तरी मी म्हणायची, मला काय कळतं, असेल बरोबर. ती सिरिंज भरताना मला वाटलं होतं की ही फार भरली. खरंच वाटलं होतं. पण मी तशीच हातात घेऊन उभी राहिले. तू मला तीन गणितं दिलीस आणि माझी खरी आठवण खोटी ठरवलीस. याचा मला जास्त राग आहे.

आणि दुसऱ्या बाजूला तो मालवणचा माणूस. यांना मी सगळं सांगितलं, सिरिंजचं आणि पानांचंही. हे हात पुसून समोर बसले. मग म्हणाले की तुझ्या दादाने तसं केलं नसतं तर आपली गाठ पडली नसती. मी म्हटलं, हे उत्तर नाही. ते म्हणाले, माहीत आहे, पण मला एवढंच येतं.

डिसेंबरात मी हेड सिस्टरकडे जाऊन जुलैची गोष्ट सांगितली. पास होईपर्यंत मला औषधाला हात लावू देऊ नका, असं लिहून दिलं. काढून टाकतील असं वाटत होतं. त्यांनी काढलं नाही, पण आता मी दारातल्या टेबलावर वजन, उंची आणि ताप एवढंच घेते. मागाहून आलेल्या मुली आत काम करतात. नझीरला गप्प राहिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं काय चुकलं ते मला कळतं, आणि त्यानेच बाळाला वाचवलं हेही कळतं. ही दोन्ही एकत्र कशी मांडायची ते गफूर सरांच्या पुस्तकात नाही.

कोर्सचा निकाल लागला. चाळीसपैकी सतरा. पासाला वीस लागतात. अलिना पास झाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. फेब्रुवारीपासून मी पुन्हा त्याच वर्गात बसतेय.

उत्तरपत्रिका सोबत पाठवते. सरांनी लाल शाईने तपासली आहे, तू हिरव्याने तपास. एकही आकडा बदलू नकोस. कमी-जास्त काही सांगू नकोस, जे आहे ते सांग.

आशीर्वाद मागत नाही, तपासून मागते,
रत्नमाला


कुडाळ,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्नमालास,
अ. उ. आ.

पानं भरताना मी तुझ्या गुणांचा विचार केला, तुझ्या मनाचा केला नाही. कोऱ्या पानांची तुझी आठवण खरी होती. हे मी लिहून देतो, जपून ठेव.

प्रेमाला मी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की हे रत्नाला तेव्हाच सांगायचं होतं. एवढंच.

आता उत्तरपत्रिका. मी ती चार वेळा तपासली. अपूर्णांक उत्तम. गुणोत्तराच्या पाचव्या गणितात तू सरांपेक्षा सोपी रीत काढली आहेस. पण आठव्या प्रश्नाकडे बघ. पाच मिलिलिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅम औषध आहे, शंभर मिलिग्रॅमसाठी किती घ्यायचं? तू पाचला अडीचशेने भागलंस आणि शून्य पूर्णांक दोन लिहिलंस. ते शून्य पूर्णांक शून्य दोन हवं. मग त्याला शंभरने गुणून दोन लिहिलंस. तुझ्या आकड्याप्रमाणे वीस यायला हवे होते. एकदा दहापट जास्त, एकदा दहापट कमी. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि खाली उत्तर बरोबर आलं. सरांनी उत्तर बघून पूर्ण दोन गुण दिले.

रीत बरोबर धरली म्हणून मी एक गुण दिला असता, दोन नाही. म्हणजे तुझे गुण सतरा नव्हेत, सोळा.

हा आकडा लिहायला मला फार जड गेलं. पण तू जे आहे ते सांग म्हणालीस.

पुन्हा बस. दर वेळी चिन्ह ठेवण्याआधी उत्तर साधारण किती यावं ते मनाशी बोल. आणि ते आतून जे वाटतं, फार भरलंय असं, त्याचं ऐक. ते तुझं आहे, मी दिलेलं नाही.

तुझी चूक तुझ्याच नावावर ठेवणारा,
दादा


कुवेत,
शुक्रवार, दि. ३० मे २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी हिरवी शाई मी गफूर सरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून आठवा प्रश्न दोनदा वाचला आणि म्हणाले की आपके भाईसाहब सही हैं. त्यांच्या वहीत जुना सतरा होता, तो खोडून त्यांनी सोळा केला. नापासचं नापासच, पण वर्गातल्या पोरांना कळेना की ही बाई गुण कमी झाले म्हणून थँक्यू का म्हणतेय.

परवा निकाल लागला. सत्तावीस. या वेळी शेजारी अलिना नव्हती, इंग्रजी प्रश्नही मीच वाचले. दोन गणितं येत नव्हती ती कोरी सोडली, आणि बाहेर आल्यावर कोरीच आठवली.

काल हेड सिस्टरने मला दारातल्या टेबलावरून आत बोलावलं. दोन वर्षांची मुलगी होती, साठ मिलिग्रॅम. मी कागदावर मांडलं, मनाशी साधारण किती ते बोलले, मग भरलं. आणि नझीरला बोलावलं. पाच महिन्यांनी त्याच्याशी बोलले. त्याने बाटली बघितली आणि कितना म्हणून विचारलं. मी कागदाकडे न बघता सांगितलं, शून्य पूर्णांक सहा. त्याने सिरिंज उजेडात धरली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला की बुलाया, अच्छा किया. मुलगी भोकाड पसरून रडली. तिच्या आईने मला अरबीत बरंच काही सुनावलं. माझे हात गरम होते.

आम्ही जुलैत येतोय, पंधरा दिवस. वहिनीला सांग, पेज मीच वाढणार.

दादा, तू केलंस ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. बसमध्ये एक उत्तर येतं, घरी पोचेपर्यंत दुसरं. आल्यावर तुझ्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसून मी तुला सगळं पहिल्यापासून विचारणार आहे. उत्तर तयार करून ठेवू नकोस. दोघं मिळून बघू, कसं येतं ते.

चुकले तर चुकलं म्हण, लोभ त्याच्यासकट असू दे,

तुझी,
रत्ना